भावाच्या पोटऱ्या

मोहर्लीच्या वाटेवरच्या आमच्या गावात माझ्या भावाच्या पोटऱ्यांचं सगळ्यांना कौतुक होतं. जाड, टणक पोटऱ्या. तो जंगल सफारीच्या जिप्सीवर गाईड होता. गाडीत चढायला त्याला वेळ लागायचा, तेव्हा मागचे गाईड ओरडायचे, "पैलवानाले आधी चढू द्या बे, नाई तं गाडी उलटन!" तोही हसायचा. आई त्या पोटऱ्यांना जवसाचं तेल चोळायची. जमिनीवरून उठताना तो मांड्यांवर हात रेटत उठायचा. "वजनदार गडी हाये, वेळ लागनच," असं ती म्हणायची. मलाही ते खरं वाटायचं.

त्याला वनरक्षक व्हायचं होतं. त्या भरतीत धावावं लागतं. उजाडलं की तो गावातल्या रस्त्यावर पळायचा, टाचा न टेकवता. त्याचा वेग वाढत नव्हता, उलट कमी होत होता. म्हणून तो आणखी पळायचा.

मी तेव्हा नागपूरला एम.एस्सी. करत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रयोगशाळेत माझ्याकडे डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन शोधण्याचं काम होतं. ते स्नायूच्या प्रत्येक तंतूच्या कडेला असतं आणि ताण पडला तरी तंतू फाटू देत नाही. ते शोधायला मोनोक्लोनल अँटीबॉडी वापरतात. ती एकाच पेशीच्या वंशातून तयार केलेली असते, म्हणून तिचा प्रत्येक रेणू त्या प्रथिनाच्या नेमक्या एकाच जागी चिकटतो. तिच्यावर चमकणारी दुसरी अँटीबॉडी टाकली की सूक्ष्मदर्शकात तंतूंच्या कडा हिरव्या दिसतात.

हे प्रथिन कमी असलं की काय होतं, ते वाचताना एका पानावर छायाचित्र होतं. फक्त पोटऱ्या होत्या, भावासारख्याच जाड, चेहरा नव्हता. मी पान उलटलं. थोड्या वेळाने परत मागे आले.

भावाला मी नागपूरला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं आणि मग मांडीतून स्नायूचा छोटासा तुकडा काढला. "मटण तं घेतलं, आता मसाला कोन लावन?" असं त्याने नर्सबाईंना विचारलं. त्याने संशोधनासाठीही परवानगी दिली, म्हणून तो तुकडा आमच्याच प्रयोगशाळेत आला. तिथले सर म्हणाले, "हे काम दुसऱ्या कोणाला देऊ का?" मी नको म्हणाले. का म्हणाले, ते मला नीट सांगता येणार नाही.

गोठवलेल्या तुकड्याचे पातळ काप मी काचपट्टीवर घेतले, अँटीबॉडीचा थेंब टाकला, ओला कागद घातलेल्या डब्यात पट्ट्या ठेवल्या आणि मेसमध्ये जाऊन जेवून आले. भाजी कसली होती, तेही आठवत नाही.

चमकणारी अँटीबॉडी टाकून आधी तुलनेसाठीची निरोगी स्नायूची पट्टी पाहिली. प्रत्येक तंतूभोवती हिरवी कड होती, मासे धरायच्या जाळ्यासारखी अखंड. मग भावाची लावली. कड फिकी होती. कुठे तुटलेली, कुठे नव्हतीच. माझ्या हातून काही चुकलं असेल म्हणून मी त्याच्याच दुसऱ्या कापावर त्याच कडेला असणाऱ्या वेगळ्या प्रथिनाची अँटीबॉडी लावली. ते प्रथिन सगळीकडे छान दिसलं. म्हणजे तुकडा चांगला होता आणि माझं कामही बरोबर होतं. चुकलं असतं तर बरं झालं असतं.

सरांनी डॉक्टरांना फोन केला. जनुकांची तपासणी व्हायची होती, सविस्तर डॉक्टर स्वतःच सांगणार होते. पण पळणं आजच थांबवा, आणि हे घरच्या माणसाने सांगितलेलं बरं, असं डॉक्टर म्हणाले.

मी जिन्यात बसून फोन लावला.

"भाऊ, आता पळू नको."

"काऊन? भरती तोंडावर आली ना!"

"तुह्या स्नायूत एक प्रथिन कमी हाये. पळलं का स्नायू आखीन खराब होतेत."

"मंग गोळ्या दे म्हना डॉक्टरले."

"ते प्रथिन परत आननारी गोळी नाई."

"अन मह्या पोटऱ्या? इतक्या मजबूत हायेत त्या."

"त्यायच्यात ताकद नाई, भाऊ. चरबी भरली हाये."

त्याच्या मागे कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मी बरोबर शब्द वापरले का, याचाच विचार करत होते. रडू येत नव्हतं.

"मंग सकाळी उठून काय करू मी?" त्याने विचारलं.

"झोप," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. ऊन अंगणात आलं तरी भाऊ उठला नाही, अंग तर गरम लागत नाही, मग याला झालं काय, असं ती मला विचारत होती.