सातकिनच्या घरचा मेंढा

तळ्याकाठच्या तोसोर गावात बुरमाकानला कोणी बुरमाकान म्हणत नाही. ती टपालवाली बुरमा. तीस वर्षं तिनं सायकलवरून टपाल वाटलं. आधी पत्रं कमी झाली, मग नुसती वर्तमानपत्रं उरली, शेवटी वरून हुकूम आला की आता टपाल मोटारीनं येईल, सायकल बाईंनी ठेवून घ्यावी. गावाला वाटलं, चला, बाई आता चुलीपुढे बसेल आणि गुडघ्यांना चरबी चोळेल. पण बुरमा कसली बसते! सकाळी गाय कळपात सोडली की ती सायकल काढायची आणि रिकाम्या पिशवीनिशी थेट पुढच्या बार्सकून गावापर्यंत जाऊन यायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, "नोकरी सुटल्याचं पायांना अजून कोणी कळवलं नाही."

सातकिन ही तिची कुरदाश. म्हणजे दोघी एकाच सालातल्या, एकाच बाकावरच्या. कुरदाशला काहीही बोलायची मुभा असते आणि रागवायची बंदी असते, आणि या दोघींनी त्या मुभेचा पुरेपूर उपयोग केलेला. सातकिन शाळेत खेळ शिकवायची. उंच, सडपातळ, आणि शिट्टी तोंडात नसतानाही शिट्टी वाजवल्यासारखं बोलणारी. नवरा लवकर गेला, मुलगी दूर कझानला नांदायला गेली. मागे राहिली सातकिन, तिचं जर्दाळूच्या झाडाचं अंगण, आणि समोरच्या गल्लीतली बुरमा.

पाच वर्षांपूर्वी शहरातली काही उत्साही मंडळी तळ्यावर आली आणि त्यांनी एक शर्यत काढली. पहाटे इसिक-कुलच्या तळ्यात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, आणि एवढं करून जीव शिल्लक असेल तर बेचाळीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दिवसात. गावातले पुरुष हसले. सातकिननं नाव दिलं. ते कळताच बुरमानंही दिलं, तेही पोहता येत नसताना. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या वयात ती गुडघाभर पाण्यात उभी राहून हात मारायला शिकली, आणि सातकिन काठावर बसून सांगायची, "अगं, पाण्याला मारू नकोस, त्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

पाच शर्यती झाल्या. पाचही सातकिननं जिंकल्या. म्हणजे पहिली वगैरे कोणी येत नव्हतं, पहिले येणारे परदेशी लोक यांच्याआधी चार तास पोचून आंघोळ करून जेवायला बसलेले असायचे. पण या दोघींच्या लेखी शर्यतीत दोनच माणसं होती. जी हरेल तिनं आपल्या घरी, आपल्या चुलीवर मेंढा रांधायचा आणि जिंकलेलीला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवून मानाचं हाड वाढायचं, असा त्यांचा रिवाज. पाच वर्षं शर्यतीनंतर महिन्याभरानं, बटाटे निघाले की, बुरमाच्या घरी मेंढा पडला. पाच वर्षं सातकिन मानाच्या जागी ऐसपैस बसून म्हणाली, "मीठ कमी आहे."

या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. कझानच्या मुलीला जुळं झालं होतं आणि ती आईला बोलावत होती, थोड्या दिवसांसाठी नाही, कायमचं. शर्यत रविवारी, विमान गुरुवारी. घराला गिऱ्हाईकही लागलं होतं. सातकिननं हे सगळं बुरमाला सांगितलं तेव्हा ती अंगणात गालिचा झटकत होती, आणि झटकतच राहिली. बुरमा म्हणाली, "जा बाई. गावाला जरा शांतता मिळेल." घरी येऊन तिनं गाईची धार काढली आणि दुधाची बादली तशीच पुढ्यात घेऊन बसून राहिली.

तिथं बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, की हरलेल्या बाईला घर लागतं. चूल लागते. सातकिन जर एकदा हरली, तर तिला मेंढा रांधायला तोसोरला यावंच लागेल, आणि घर विकलं तर रांधणार कुठे? सातकिन वचन मोडणारी नव्हती. पाच वर्षं बुरमाला हरल्याचं दुःख होतं ते साधं होतं. या वेळी हरणं म्हणजे सातकिनला हसतमुखानं निरोप देणं. हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. नवरा तर उन्हाळाभर वर कुरणात मेंढ्यांमागे, आणि असतं कोणी तरी काय सांगणार?

रविवारी पहाटे तळं अगदी गप्प होतं. रबरी पोशाख चढवून बुरमा काठावर उभी राहिली तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावरचे बर्फाचे डोंगर पायाशिवाय तरंगत होते, खाली नुसतं निळसर धुकं. सातकिननं तिचा पोशाख मागून ओढून नीट केला. "बुडलीस तर हात वर कर," ती म्हणाली. "मी बघणार नाही, पण तू कर."

पाण्यात शिरल्यावर आवाज संपले. हात पुढे, तोंड बाजूला, एक श्वास, पुन्हा खाली. खाली आधी वाळू दिसत होती, मग हिरवं, मग काहीच नाही. तळ्याखाली एक जुनं गाव बुडालेलं आहे असं लहानपणी आजी सांगायची, आणि बुरमाला वाटलं, तिथंही कोणी टपालवाली असेल, तिला खालून माझं पोट दिसत असेल. किती वेळ गेला कळलं नाही. पाणी किंचित खारट, थंड, अंगावरून सावकाश सरकणारं. या वर्षी तिनं पाण्याला मारलं नाही. पाणीच तिला वाट दाखवणाऱ्या पिवळ्या फुग्यांजवळून पुढे पुढे देत गेलं, आणि काठावर ती सातकिनच्या मागे फक्त अकरा मिनिटांनी बाहेर आली.

सायकलवर मात्र ती राणी. पश्चिमेकडे जाताना उलान नावाचा वारा छातीवर येतो, दुसरे लोक त्याला शिव्या देतात. बुरमानं त्या वाऱ्यात तीस वर्षं टपाल ओढलेलं, तिला तो घरातल्या चिडक्या म्हाताऱ्यासारखा परिचयाचा. तोंडात कुरुतचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा खारट गोळा धरायचा, मान खाली घालायची आणि पायडल फिरवत राहायचं. साठाव्या किलोमीटरला तिनं सातकिनला गाठलं.

"टपाल आहे का गं माझं?" सातकिननं विचारलं.

"आहे. पण तुला वाचता कुठे येतं?" असं म्हणून बुरमा पुढे गेली.

मग रस्ताच रस्ता. एका हाताला तळं, एका हाताला लाल मातीचे डोंगर, मध्ये जर्दाळूच्या बागा. दुपारच्या उन्हात सगळं पातळ झालं. ज्या ज्या घरावरून ती गेली त्या त्या घरात तिनं कधी ना कधी काहीतरी पोचवलेलं होतं. इथं फौजेतल्या मुलाचं पत्र. इथं लग्नाची तार. त्या निळ्या फाटकाशी एक बाई रोज उभी राहायची आणि तिला कधीच काही आलं नाही. एका उतारावर बुरमाला स्पष्ट वाटलं की मागची पिशवी जड झालीये, भरलीये, आणि सगळ्या पत्रांवर कझानचा शिक्का आहे. तिनं मान वळवून पाहिलं. पिशवी नव्हतीच. तिनं पाणी प्यायलं आणि थोडं डोक्यावर ओतलं.

पळायला लागली तेव्हा ती चाळीस मिनिटं पुढे होती. कधी नव्हे इतकी. पण पळणं हा सातकिनचा प्रांत. तोसोर ते शेजारचं गाव अशा फेऱ्या होत्या, त्यामुळे दोघी वाटेत समोरासमोर यायच्या, आणि दर वेळी मधलं अंतर कमी झालेलं असायचं.

"काय गं, ही मेंढीची चाल कुठे शिकलीस?" पहिल्या फेरीला सातकिन म्हणाली.

"तुझ्या शाळेत," बुरमा म्हणाली.

दुसऱ्या फेरीला दोघींनी नुसता एकमेकींच्या पंजावर पंजा मारला. तिसऱ्या फेरीला बुरमाला बोलायला श्वास पुरत नव्हता. अंतर पाच मिनिटांवर आलं होतं. बुरमाची मांडी आखडली होती, पायाला फोड आला होता, आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, चूल, चूल, चूल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं तिचं शरीर केव्हाच संपलं होतं, राहिला होता तो नुसता पीळ. ती धावत राहिली.

पाच किलोमीटर उरले. सूर्य तळ्यावर टेकला होता आणि गावाच्या गाई धूळ उडवत घरी परतत होत्या. त्या धुळीतून नव्वदीचे कादिर अक्साकाल, गावातले पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, आपली गाय घेऊन रस्ता ओलांडायला निघाले, आणि नेमके मधोमध थांबले. त्यांना समोर नंबर लावलेली, घामानं भिजलेली बाई दिसली. त्यांनी काठी गाईच्या गळ्यातल्या दोरीत अडकवली आणि दोन्ही तळहात वर धरले.

शहाणी बाई वळसा घालून गेली असती. परदेशी बाई तर हसून हात हलवून गेली असती. पण म्हाताऱ्या माणसाची वाट आडवी कापायची नाही, आणि वडीलधाऱ्यानं आशीर्वादाला हात उचलले की पाठ फिरवायची नाही, हे बुरमाला दुधाबरोबर मिळालेलं. ती थांबली. तळहात उघडून उभी राहिली.

"रस्ता मोकळा असो," अक्साकालांनी सावकाश सुरुवात केली. त्यांना वाटलं बाई लांबच्या प्रवासाला निघालीये. "घोडा न अडखळो. नदीला उतार मिळो..."

मागून पावलं आली. सातकिन. बुरमानं डोळे मिटले. आता ही पुढे जाणार. पण पावलं तिच्याशेजारी थांबली, आणि सातकिननंही तळहात उघडले.

"मागच्या लग्नात यांनी नवरानवरीला अर्धा तास उभं केलं होतं," ती पुटपुटली.

"गप्प," बुरमा पुटपुटली.

"...परक्या मुलखातलं पाणी गोड लागो," अक्साकाल म्हणाले, आणि विसरले, आणि पुन्हा रस्ता मोकळा असो पासून सुरू झाले. गाय रवंथ करत होती. धूळ सोनेरी होऊन जागच्या जागी थांबली होती. बुरमाला वाटलं हे असंच चालू राहिलं तरी चालेल, गुरुवार येऊच नये. "...आणि ज्या दारातून निघालात, त्याच दाराशी परत या. तुमची चूल विझू नये. ओमीन."

"ओमीन," बुरमानं तोंडावरून हात फिरवले. सातकिननं हात तोंडावर नेले होते आणि ते तिथंच ठेवले होते. तिचे खांदे हलत होते. पन्नास वर्षांत बुरमानं तिला असं दोनदाच पाहिलं होतं, एकदा नवऱ्याच्या मातीला आणि एकदा आत्ता. बुरमाला सातकिनला मिठी मारायची होती, पण कुरदाश तसं करत नाहीत, तेही रस्त्यात.

म्हातारा आणि गाय पूर्ण पलीकडे जाईपर्यंत दोघी थांबल्या. मग बुरमा पळाली.

मागून पावलं येत होती. सातकिनची हलकी पावलं, शाळेच्या मैदानापासून ओळखीची. आता गाठेल, या वळणाला, त्या पॉपलरच्या रांगेशी. पावलं जवळ आली नाहीत, दूरही गेली नाहीत. तळ्यावरचा उजेड गुलाबी झाला, मग राखी. बुरमाला वळून बघायची भीती वाटत होती. वाळूवर मांडलेली कमान दिसली, लोकांचा आवाज ऐकू आला, कोणीतरी तिचं पूर्ण नाव कर्ण्यावर पुकारलं, आणि ती आत गेली. वीस पावलांनी सातकिन.

दोघी वाळूवर बसल्या. कोणीतरी उबेसाठी चांदीसारखे चमकणारे कागद त्यांच्या अंगावर टाकून गेलं. सातकिन फारशी दमलेली दिसत नव्हती, आणि तेच बुरमाला खुपलं.

"पाय दुखत होता?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग मुद्दाम मागे राहिलीस."

सातकिननं बुटातली वाळू झटकली. "तू एवढी का पळत होतीस ते मला कळत नाही असं वाटलं तुला? पाच वर्षांत कधी अशी पळाली नाहीस, म्हशी."

बुरमा रडायला लागली, भर लोकांत, नाक वाहेपर्यंत. सातकिननं तिला रडू दिलं.

"मुद्दाम राहिले की नाही ते जेवायला येशील तेव्हा सांगेन," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी, जर्दाळू पिकतात तेव्हा. आणि ऐक, शुक्रवारी तो माणूस घर घ्यायला येईल, तोवर मी गेलेली असेन. तू त्याला दारातूनच परत पाठव. म्हणावं, या घरात एक बाई जेवायची राहिली आहे."