सिदा आबांची मिशी कुठं संपते

“मिशी कुठं संपते, ताई?”

नरसय्या मास्तरांनी फोटो टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि मला विचारलं. मला वाटलं, चेष्टा करतायत.

“मिशी मिशीपाशी संपते की मास्तर. असं काय विचारताय?”

“डावी कळते थोडी. उजवी बघा. काळी हाय, मग करडी हाय, मग गाल सुरू. मधी रेघच न्हाय. आणि कान कुठं ठेवला तुम्ही?”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो फोटो मी काढलेल्या उत्तम फोटोंपैकी एक होता. असं माझं त्या सकाळपर्यंत चार जणांना सांगून झालं होतं.

मी फोटोग्राफर. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझा स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. लग्नं, पासपोर्ट, शाळांचे ग्रुप फोटो, चादरी-टॉवेलच्या कॅटलॉगचं काम, असं सगळं करते. नरसय्या मास्तर हे डिझाइन मास्तर. आमच्याकडे हातमागावर वॉल हँगिंग विणतात, त्यात माणसाचा चेहराही विणून मिळतो. मास्तर आधी फोटो बघून बारीक चौकड्यांच्या कागदावर चेहरा उतरवतात. एका चौकडीत एकच रंग. तो कागद, म्हणजे ग्राफ, समोर ठेवून विणकर एकेक धागा भरतो.

ऑर्डर होती मायाप्पाची. मायाप्पा वीज खात्यात वायरमन. मूळचा मंगळवेढ्याकडचा, घरी मेंढरं. त्याने सोलापुरात घर बांधलं होतं आणि वास्तुशांतीला महिनाभर उरला होता. वडील, म्हणजे सिदा आबा, शहरात राहायला यायला तयार नव्हते. “मेंढरं सोडून तुझ्या घरात मी काय भितीकडं बघत बसू व्हय?” असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मायाप्पाने ठरवलं, पहिल्या दिवसापासून निदान आबांचा चेहरा त्या घरात असला पाहिजे. तोही विणलेला.

फोटोसाठी आबा एक दिवस आले. लाल फेटा, कानात सोन्याचं कुडकं, आणि गालावरून पार कल्ल्यांपर्यंत गेलेली मिशी. मी मिशी बघितली आणि मनात म्हटलं, आज नवीन लेन्सचं सोनं होणार.

नवीन लेन्स माझ्या मिररलेस कॅमेऱ्याची. मिररलेस म्हणजे जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात जो आरसा असायचा, तो यात नाही. बाकी सगळा थाट आहे. त्यातला सेन्सर, म्हणजे ज्या चिपवर चित्र पडतं ती, पोस्टाच्या तिकिटाएवढी मोठी. लेन्सचं भोक पूर्ण उघडलं की डोळ्याची पापणी मोजता येते आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. लग्नातल्या नवऱ्या यावर जीव टाकतात. मी आबांचा चेहरा जरा वळवून घेतला, जवळच्या डोळ्यावर फोकस धरला आणि तेहतीस फोटो काढले. सगळे भोक पूर्ण उघडं ठेवून. हौसेला मोल नसतं, तशी अक्कलही नसते.

“मास्तर,” मी म्हटलं, “याला डेप्थ म्हणतात. परदेशी मासिकांत असेच फोटो असतात.”

“मासिक छापतात ताई. आम्ही विणतो. धागा अर्धा काळा नसतो. एक तर काळा, न्हाय तर न्हाय.”

“मग अंदाजानं घ्या की थोडं.”

“देवाची मिशी अंदाजानं काढतो मी. देवाला कुणी बघितलं न्हाय, कोण भांडायला येतंय? आबाला सगळ्यांनी बघितलंय.”

मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय. तोंडाने म्हटलं, “ठीक आहे, आबांना परत बोलावते. अर्ध्या तासाचं काम.” आणि तिथूनच मायाप्पाला फोन लावला.

तो म्हणाला, “ताई, थोरलं चुलतं गेलं की परवा. त्यास्नी पोरगं न्हाय. आबानंच पाणी दिलं. डोकं, मिशी, समदं उतरवलंय.”

माणूस गेल्यावर अग्नी-पाणी देणारा मुंडण करतो, त्यात मिशी जाते, हे मला काय माहीत नव्हतं? त्या घरावर दुःख आलेलं, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मिशीचा. मला माझीच लाज वाटली. वास्तुशांतीला आता चोवीस दिवस होते. तशी मिशी यायला वर्ष लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मायाप्पा स्टुडिओत आला. ड्यूटीवरून तसाच, कमरेला पक्कड लावलेली. मी रात्रीतून एक उद्योग करून ठेवला होता. हल्ली कॉम्प्युटरवर धुरकट फोटो स्पष्ट करायची सॉफ्टवेअर मिळतात. त्यातून मी मिशी स्पष्ट करून घेतली होती. दोन्ही टोकं वर, पीळदार, एकदम झकास.

मायाप्पाने स्क्रीनकडे नीट पाहिलं. “ही आबाची न्हाय.”

“अरे, तुझ्या आबांचाच फोटो आहे.”

“फोटो आबाचा हाय, मिशी न्हाय. आबाच्या उजव्या हातात सदा काठी असती. पीळ देत्यात ते डाव्या हातानं. त्यामुळं डावी बाजू वर आणि उजवी पडलेली. लहानपणापास्नं बघतोय की मी. ह्यो तर कुणी फौजदार वाटतोय.”

मी शेवटचा उपाय काढला. “असं कर, हाच फोटो मोठा करून फ्रेम करून देते. माझ्याकडून, फुकट. मूळ फोटो, त्यात काही खोटं नाही.”

तो उठून उभाच राहिला. “काचेतला फोटो गेलेल्या माणसाचा असतोय, ताई. त्याला हार घालत्यात. नुकतंच एक माणूस गेलंय घरातलं. वास्तूच्या दिवशी जित्या आबाला मी काचेत घालू?”

आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. सव्वीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाईक माझ्यावर ओरडलं आहे, शिव्या देऊन गेलं आहे. रडवलं मी कुणाला नव्हतं.

दारापाशी जाऊन तो वळला. “ताई, त्या दिवशी तुमी त्या बारक्या डबीनंबी एक मारला व्हता की. तो कुटं हाय?”

इथे मला माझं एक गुपित सांगावं लागेल. माझ्या ॲप्रनच्या खिशात एक छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा असतो. मुठीत मावणारा, लेन्स आत-बाहेर होणारा. मुलीचा कॉलेजातला. लाइट कुठे ठेवले, माणूस कसा बसवला, याची आठवण राहावी म्हणून मोठ्या कॅमेऱ्याआधी मी त्याने एक फोटो काढून ठेवते. आणि गिऱ्हाइकाला तो दिसू देत नाही. एवढुशा डबीने फोटो निघतो हे कळलं, तर मोठ्या कॅमेऱ्याचा रुबाब काय राहिला? मायाप्पाने मात्र तो बरोबर बघितला होता.

दर सोमवारी मी त्याच्या कार्डावरचे फोटो पुसते. त्या सोमवारी कंटाळा केला होता. माझ्या आयुष्यात आळसाचा झालेला हा एकमेव उपयोग.

फोटो होता. मोठा करून बघितला तर लाजेने मान खाली जावी असा. तिरपा. एका बाजूला लाइटचा स्टँड, मागे टेबलफॅन, स्टुलावर माझा उष्टा चहाचा कप. रंग पिवळट आणि चेहऱ्यावर रव्यासारखे दाणे. आबा नीट बसलेही नव्हते. मोठा कॅमेरा अजून समोर आला नव्हता ना, त्यामुळे समोरच्या मायाप्पाकडे बघून काहीतरी बोलत होते. पण कान होता, कानात कुडकं होतं, कुडक्याची कडीसुद्धा होती. डावी मिशी वर, उजवी पडलेली, आणि ती कुठे संपते ते केसागणिक दिसत होतं.

यात जादू काही नाही. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. सेन्सर लहान, लेन्स बारीक, त्यामुळे नाकापासून मागच्या पंख्यापर्यंत सगळं एकसारखं स्पष्ट येतं. मागचं विरघळवायची ऐपतच नाही त्याच्यात. फोटोग्राफर लोक याला दोष म्हणतात. मीही म्हणत आले. मोठ्या कॅमेऱ्याचं भोक बारीक केलं असतं तर त्यानेही कान दाखवला असता, उलट जास्त चांगला. कॅमेऱ्याने मला अडवलं नव्हतं.

“ह्यो आबा,” मायाप्पा म्हणाला आणि परत खाली बसला.

मी ते चित्र घेऊन मास्तरांकडे गेले. चहाचा कप कापून टाकावा असं वाटत होतं, पण वेळ नव्हता. मास्तरांनी कपाकडे ढुंकूनही बघितलं नाही. बोट मिशीवर ठेवलं आणि सरकवत टोकापर्यंत नेलं.

“हां. इथं संपते.”

“पण मास्तर, फोटो लहान आहे. दाणे आहेत.”

“ताई, माझ्या कागदावर आडव्या चौकड्या किती? दोनशे-अडीचशे. तुमचे ते कोटी-कोटी ठिपके मी कुठं भरू? रंग मात्र ह्याचे बेकार हायत. तो पहिला फोटो पण ठेवून जा.”

शेवटी मास्तरांनी रेघा छोट्याच्या घेतल्या आणि रंग मोठ्याचे. फेट्याचा लाल, कातडीचे तीन तपकिरी आणि कुडक्याचा पिवळा मोठ्याने अचूक दिले होते. माझी इभ्रत तेवढी वाचली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी हँगिंग मागावरून उतरलं. पूजेला मी गेले होते. आबा डोक्याला टॉवेल गुंडाळून आले. ओठावर काही नाही, त्यामुळे मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. ते भिंतीवरच्या हँगिंगपुढे जाऊन उभे राहिले. मग हात वरच्या ओठावर गेला आणि तसाच खाली आला.

“ह्यो अजून हाय म्हणायचा,” म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “त्या मोठ्या तोफेनं काढला व्हय?”

मी खिशातून छोटा काढून दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेऊन उलटासुलटा केला.

“मग ती तोफ कशाला ग आणलीस, पोरी?”

“लग्नाला लागते, आबा.”

हल्ली छोटा कॅमेरा टेबलावर उघडा असतो. आणि कुणी फोटो काढायला आलं, की मी आधी विचारते, हा फोटो पुढे जाणार कुणाच्या हातात. नवरीच्या, छापखान्याच्या की विणकराच्या. हा प्रश्न फुकट आहे, आणि त्या दिवशी तेवढाच मी विचारला नव्हता.

परवा, वर्षभराने, मायाप्पाचा फोन आला. आवाज दबका.

“ताई, आबा आल्यात. चार दिस राहत्यात म्हणं.”

“अरे वा! करमतंय का त्यांना?”

“करमतंय की. मिशी आली न्हवं आता. सकाळी उठलं की भितीपुढं हुबं ऱ्हात्यात, आणि त्या विणलेल्या मिशीकडं बघून पीळ देत्यात.”

“दोन्ही बाजूंना?”

“न्हाय. डाव्याच बाजूला.”