युनूस सरांची ची

आमच्या क्लासमधले दोघं बाजारात जरी भेटले तरी भाजी राहते बाजूला आणि किस्से सुरू होतात. शिकवलेलं निम्मं विसरलो, किस्से मात्र दरवेळी एखाद्याने वाढतात.

क्लास म्हणजे भिवंडीतली एक रिकामी लूमची, यंत्रमागाची शेड. मशिनं भंगारात गेलेली. सकाळी साडेसहाला आम्ही दहा-बारा जण तिथं सतरंज्या टाकून बसायचो. युनूस सर म्हणजे तीस वर्षं लूम दुरुस्त केलेले मिस्त्री. 'ची' म्हणजे चिनी भाषेत प्राणशक्ती; ती श्वासाबरोबर अंगात फिरवायची ही विद्या ते तरुणपणी एका कराटेच्या उस्तादांकडून शिकले होते. आता त्या शेडच्या जागी गोडाऊन आहे.

*

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, जीभ टाळूला लावा, लक्ष बेंबीखाली चार बोटं ठेवा. श्वास घेताना कण्यातून वर डोक्यापर्यंत जायचं, सोडताना समोरून खाली यायचं. "अशी ची फिरवायची."

शमीमआपांनी, म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी, विचारलं, "कुणाची?"

सर म्हणाले, "ज्याची त्याची."

*

मी शाळेत क्लार्क. महिनाभराने एकदा माझ्या पाठीतून खरंच ऊब वर चढली. क्लास संपल्यावर मी सरांना अभिमानाने सांगितलं. त्यांनी छताच्या फुटक्या पत्र्याकडे पाहिलं.

"मॅडम, ते ऊन आहे. पण बसा तिथंच, चांगलं असतं."

*

आमच्यातले देसाई रोज क्लासनंतर गाडीने ठाण्याला ड्युटीवर जायचे. एकदा वाटेत कशेळीला ट्रॅफिक ठप्प झालं, तेव्हा त्यांनी इंजिन बंद करून डोळे मिटले. रस्ता मोकळा झाला, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, आणि हे आपले डोक्यापर्यंत पोचलेले. ट्रॅफिक हवालदाराने काच वाजवून तब्येत विचारली. देसाईंनी खरं ते सांगितलं, ची फिरवतोय.

हवालदार म्हणाला, "आधी गाडी फिरवा."

*

सरांना स्वतःला खोकला होता. लूमवरच्या कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेली. एका नवीन माणसाने तोंडावरच विचारलं, मग तुम्हाला फायदा काय झाला? सर चिडले नाहीत. म्हणाले, "दमा गेला असं कुणाला सांगू नका. मी फक्त जिना हळू चढायला शिकलो."

*

आणि कोन गावचे पांडूकाका. त्यांना मुलीने जबरदस्तीने पाठवलं होतं. सर रोज शेवटी प्रत्येकाला विचारायचे, काय जाणवलं? आम्ही कुणी प्रकाश सांगायचो, कुणी मुंग्या. काका तीन महिने एकच सांगत राहिले, "मना काय न्हाय."

मग त्यांची बायको गेली. पंधराएक दिवसांनी काका आले, आपल्या जागेवर बसले, डोळे मिटले. आम्हाला कुणालाच त्यांच्याकडे बघवेना. शेवटी सरांनी सवयीने सगळ्यांना विचारलं, आणि काकांपाशी येऊन थांबले. विचारावं की नाही, त्यांना कळेना.

काकाच बोलले. "आज कायतरी फिरला. वर डोक्यापर्यंत ग्येला. खाली येताना गल्यात अडकला."

सरांनी काही उपाय सांगितला नाही. ते त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "थांबू या सगळे."

त्या दिवशी कुणीच वेळेवर ड्युटीवर पोचलं नाही.