बेटावरचं जायफळ
पुरणासाठी सहाणेवर जायफळ उगाळलं की तो वास मला खामगावच्या आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीत नेतो. माझा एक मित्र बोटीवरची नोकरी सोडून वेस्ट इंडिजकडच्या एका चिमुकल्या बेटावर महिनाभर पाठीवर पिशवी टाकून हिंडला होता, आणि परतल्यावर पोळ्याला आमच्याकडे जेवायला आला. चर्चच्या ओट्यावर झोपलो, केळ्यांवर दिवस काढले, ट्रकच्या टपावरून समुद्र पाहिला, असं तो पोळी तुपात बुडवत सांगत होता. मी कापसाच्या जिनिंगात कारकून, माझी सगळी धाव जलंबच्या स्टेशनापर्यंत. मला कधी काही न विचारणारी बायको दारात बसून विचारत होती, "मंग भाऊजी, तिकडल्या लोकायची बोली तुमाले कशी समजे?" "हसलं का समजते, वहिनी," तो म्हणाला आणि लाल जायपत्रीत गुंडाळलेलं एक जायफळ त्यानं तिच्या हातावर ठेवलं. "हे तं आपल्या बाजारातही भेटते बे," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. तो मित्र जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आमच्या पुरणात अजून बाजारातलंच जायफळ पडतं. बेटावरचं ते देवघरात आहे. दर पोळ्याला ती ते हुंगून परत ठेवते, आणि मी दुसरीकडे बघतो.