डाव्या खांद्याचे पॅड

जाफराबादला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. वीस वर्षं झाली, ब्लाऊज अन् शाळेचे ड्रेस शिवते. जीभ माझी तिखट. गिऱ्हाईकं कुरकुरतात, तरी येतात, कारण माझं फिटिंग. कोणाचं पोट सुटलेलं, कोणाचा एक दंड जाड. माझ्या हातचा कपडा घातला की काही दिसत न्हाई. हे काम मला सासूनं शिकवलं. ती म्हणायची, "बाईचं अंग कोणाचंच सारखं नसतं. झाकता आलं पाहिजे, तवा टेलर."

माझी पोरगी सातवीत गेली तेव्हा ड्रेसचं माप घ्यायला तिला उभी केली. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. म्हणलं, "नीट उभी राह्य. वाकडी काय उभी राह्यलीस?" ती म्हणाली, "आई, नीटच उभी हाय." मी पाठीत एक धपाटा घातला. त्याच पाठीत. तो धपाटा मला अजून माफ करता येत न्हाई.

सासूला दाखवलं. ती म्हणाली, "दप्तराचं वजन हाय. तेल चोळ. अन् पोरीची जात, गावभर बोभाटा करू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची." मला पटलं. पटायला काय, मला तेच ऐकायचं होतं. डाव्या खांद्यात फोमचं पॅड टाकलं, पोरीला आरशापुढं उभी केली. दोन्ही खांदे बराबर! तिच्यापेक्षा मीच जास्त खूश झाले.

दिवाळीच्या ड्रेसला तेवढं पॅड पुरलं न्हाई. दोन थर टाकले. आठवीच्या ड्रेसला तीन. दर वेळी पॅड कमी का पडून राह्यलं, हे मनात आलं न्हाई असं न्हाई. आलं, अन् मी मशीन जोरात चालवलं. डोळ्यावर कातडं ओढून घेणं म्हणतात ते हेच.

मंग शाळेत तपासणीवाले आले. डॉक्टरीणबाईनं पोरींना पुढं वाकायला लावलं. वाकल्यावर पॅड काय करणार? उजवीकडची पाठ फुगून वर आली. पोरगी चिठ्ठी घेऊन घरी आली तशी मी भडकले, "माझ्या पोरीला कुबड म्हणती का ती!" तरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिला जालन्याला घेऊन गेले.

नवीन जालन्यातल्या हाडाच्या डॉक्टरांनी तिच्या पूर्ण पाठीचा एक्स-रे काढला. मी तो जवळ जाऊन बघितला. मणका खालून सरळ निघून मध्येच उजवीकडं वळलेला. डॉक्टर शांतपणे सांगत गेले. याला स्कोलिओसिस म्हणतात. दप्तरानं होत नाही, तेलानं जात नाही. बहुतेक वेळा का होतं तेच कळत नाही, त्यात कोणाचा दोष नसतो. वाढत्या वयात बाक वाढत असला तर कडक जाकिटासारखा पट्टा देतात. तो पाठ सरळ करत नाही, फक्त बाक आणखी वाढू देत नाही, तेही वेळेत दिला तर. बाक वाढत नसला तर नुसतं लक्ष ठेवायचं.

मंग त्यांनी विचारलं, "कधीपासून दिसतंय हे?"

टेलर असून दिसलं न्हाई कसं म्हणू, अन् दिसलं तर आणली न्हाई कसं म्हणू? शेवटी म्हणलं, "आत्ताच, साहेब. शाळेतून चिठ्ठी आली तवा."

पोरगी माझ्याकडं बघतच राह्यली.

"जुना फोटो नाही, मग वाढतोय का ते आज सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "सहा महिन्यांनी या. पुन्हा फोटो काढून बघू." मी सुटले एकदाची, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

घरी आल्या आल्या पोरीनं जुने ड्रेस काढले अन् ब्लेडनं खांदे उसवायला बसली. उसवायचं मीच शिकवलेलं. पॅड काढून तिनं मशीनच्या फळीवर ओळीनं मांडले. एक थर, दोन थर, तीन थर.

"आई, तुला माहीत होतं."

"होतं," मी म्हणलं.

"मला वाटायचं, तू सगळ्याच पोरींना टाकतीस."

मी पदर तोंडात धरून रडले. माझी लाज झाकायला तिचे सहा महिने चालले होते. दुसऱ्या दिवशी ते पॅड अन् तारीखवार मापं लिहिलेली माझी वही पिशवीत घालून आम्ही परत जालन्याला गेलो. डॉक्टरांनी वही चाळली, पॅड एकावर एक ठेवून बघितले. रागावले न्हाईत. दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. "फार लवकर वाढलंय. आता थांबायचं नाही," एवढंच म्हणाले.

पट्टा घातला. ऐन उन्हाळ्यात, दिवसरात्र, कातडी सोलून निघेपर्यंत पोरीनं तो वर्षभर घातला. बाक थांबला न्हाई. मंग ऑपरेशन झालं, पाठीत सळया अन् स्क्रू बसवले. पाठ सरळ झाली. पण सळया बसवल्यात तिथं ती आता वाकत न्हाई. मी डॉक्टरांना एकदा विचारलं, "साहेब, सातवीतच आणली असती तर?" ते म्हणाले, "कदाचित पट्ट्यानं थांबलं असतं. कदाचित नसतं थांबलं." हे ‘कदाचित’ काही केल्या माझ्या घशाखाली उतरत न्हाई.

आता ड्रेस शिवायला कोणतीही पोरगी आली की माप घ्यायच्या आधी मी तिला पुढं वाकायला लावते. आया चिडतात, "ड्रेस शिवायचा का तपासणी करायची?" मी म्हणते, "दोन्ही. न्हाई पटत तर दुसरा टेलर बघा." माझी पोरगी कॉलेजातून आली की बटनं लावत शेजारी बसते, अन् आलेल्या पोरींना सांगते, "पाय जुळव, हात जोड, वाक हळूच." परवा एक सहावीतली पोरगी तिला म्हणाली, "ताई, तू आधी करून दाखव ना."

पोरीच्या हातातली सुई थांबली. "मला न्हाई येत गं वाकता," ती म्हणाली. "आई दाखवीन तुला."

मी मशीनवरून उठले, दोघींच्या पुढं उभी राह्यले अन् वाकून दाखवलं.