टँजिबल म्हणजे हाताला लागणारं

परवा टीव्हीवर कुणीतरी ‘टँजिबल रिझल्ट्स, टँजिबल रिझल्ट्स’ म्हणत होतं... आणि मी हातातला चहा खाली ठेवून थेट नाशिकच्या शाळेत जाऊन बसले. नव्वदी उलटली की असंच होतं. सूनबाई म्हणाली, सांगा, मी टाइप करते.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. इंग्रजीच्या मास्तरांनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि टेबलावर थाप मारली. हाताला लागतं ते टँजिबल, इतका सोपा अर्थ. मग म्हणाले, वापर मात्र जरा पुढे जातो... पुरावा, फायदा, मदत यांनाही लावतात, हातात धरता आलं नाही तरी स्पष्ट कळतं म्हणून.

एकेकीने उदाहरण द्यायचं होतं. कुणी तांब्याची घागर म्हटलं, कुणी गोदावरीचं पाणी. एक आगाऊ मुलगी मास्तरांची टोपी म्हणाली. माझी पाळी आली आणि तोंडून निघून गेलं, ‘माय मदर.’ मुली फिदीफिदी हसल्या. मास्तर ‘बरोबर’ म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं.

आईला क्षय झाला होता. ती गावाबाहेरच्या सॅनिटोरियममध्ये होती. रविवारी दादांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, मी टांग्याने जायचे. पण अंगणात चुन्याची रेघ आखलेली, तिच्यापलीकडे मुलांना बंदी. आई व्हरांड्यात, मी रेघेशी... दिसायची, बोलायची, पण तिचा हात काही पाठीवरून फिरायचा नाही. मला तेवढंच हवं होतं.

सगळ्यात जास्त आठवायची तिने घातलेली वेणी. घरी आत्या घालायची, डोळे ताणले जातील इतकी घट्ट. आईची सैलसर असायची.

त्या रविवारी मी वर्गातली हकिगत आईला सांगितली. ती म्हणाली, “सुमे, पाठ कर इकडे. सोड ती वेणी.”

मी पाठमोरी बसले. तीन पेड कर, उजवा वर घे... ती सांगत गेली, मी घालत गेले. “इतकं ओढू नकोस गं, दुखेल.” तिला खोकल्याची उबळ आली की मी पेड धरून थांबायचे. वेणी वाकडीच झाली. तरी शेवटी ‘झाली बघ’ म्हणाली, घरी रोज म्हणायची तशी.

परतताना टांग्यात, घर जवळ आल्यावर दादा हळूच म्हणाले, “तुझी पाठ होती... तिची बोटं पदरावर चालत होती. पेडावर पेड टाकत होती ती.”

आत्या ओरडेपर्यंत मी ती वेणी सोडली नाही.

आई पुढे घरी आलीच नाही. शेवटी तुला आईचा हात लागला नाही गं, असं अजूनही कुणी हळहळून म्हणतं. त्यांना काय सांगू... ती वेणी तिनेच घातली होती.