नाकाने फक्त बाहेर

माणसाचा अहंकार पहिल्या श्वासाबरोबर आत येतो आणि शेवटच्या श्वासाबरोबर बाहेर पडतो, असं माझी मोठी बहीण दर शनिवारी बुद्धविहारात सांगते. मधल्या काळात हा श्वास नाकाने घ्यायचा की तोंडाने, याबद्दल तिच्या मनात कधीच शंका नव्हती. नाकाने. तोंड बंद, लक्ष नाकपुड्यांच्या टोकाशी. कित्येक वर्षं ती लोकांना हेच शिकवत आली. आमची सगळी अडचण तिथेच झाली, कारण स्कूबा डायव्हिंग करताना नाक मास्कच्या आत बंद असतं आणि श्वास तोंडाने घ्यायचा असतो.

ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. बिबवेवाडीत ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, आणि एकंदरीतच वरच्या मजल्यावर राहते. मी पाटबंधारे खात्यात होते. नोकरीभर पाणी पाहिलं ते फायलींमध्ये. निवृत्तीनंतर काय करणार, असं जो तो विचारी. "समुद्राखाली जाणार," असं मी सांगत असे, कारण ते ऐकल्यावर लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत. ताईने विचारला.

"कधी?"

"अगं, गंमत केली."

"बोलायचं ते करायचं, नाहीतर बोलायचं नाही. आणि एकटी जाऊ नकोस. मी येते."

पोहायला आम्ही दोघी पन्नाशीत शिकलो होतो. बघणाऱ्याने वाहवा करावी असं नाही, पण बुडत नाही इतपत. आणि पुण्यात राहून समुद्र शिकवणारे क्लास आहेत. पुण्यात कशाचेही क्लास आहेत. निम्मा भाग वारज्याच्या एका टँकवर शिकायचा आणि उरलेला अंदमानात, प्रत्यक्ष प्रवाळांपाशी. आम्ही नाव घातलं. त्या रात्री मी प्रवाळांवरचं एक जाड पुस्तक उघडलं आणि चित्रांतले मासे पाहूनच माझी झोप उडाली. मला खरंच जायचं होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

ताईने विहारात नुसता उल्लेख केला, तर समितीने तिचा सत्कार ठेवला. शाल, गुलाबाचं फूल, माइक. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या ताई श्वासाचं विज्ञान सागराच्या तळाशी नेत आहेत." टाळ्या झाल्या. सत्कार काहीतरी केल्यानंतर करतात अशी माझी समजूत होती. मी अध्यक्षांना बाजूला घेऊन तसं म्हणाले.

"नंतर लग्नसराई आहे," ते म्हणाले. "माणसं येत नाहीत हो."

तर अशी शाल आधीच कपाटात येऊन पडली, आणि मग आम्ही वारज्याला निघालो.

आमची शिक्षिका पंचवीस-सव्वीसची होती. आयटीतली नोकरी सोडून पाण्यात उतरली होती. पाठीला सिलिंडर बांधून आम्ही टँकच्या काठाने पेंग्विनसारख्या चालत होतो, तेव्हा उथळ बाजूला कमरेएवढ्या पाण्यात काही ज्येष्ठ नागरिक उभे होते. ते तिथे पोहायला येत नाहीत, मतं मांडायला येतात.

"काय हो, पाण्यात गॅस लावताय का?" एकाने विचारलं.

"तुमच्या चहासाठी," ताई म्हणाली. "साखर चालते ना?"

मग आम्ही खोल बाजूला उतरलो, आणि मी पाण्याखाली पहिला श्वास घेतला.

हे मला नीट सांगता येत नाही, तरी सांगते. आयुष्यभर शरीराला एकच गोष्ट पक्की माहीत असते, की डोकं पाण्याखाली गेलं की श्वास बंद. तुम्ही ती मोडता. छाती नको म्हणते, तुम्ही तरी घेता, आणि हवा येते! कोरडी, थंड, पंपावर टायरमध्ये भरतात तसा आवाज करत येते. आणि सोडली की कानांजवळून बुडबुडे खळखळत वर जातात. मी टँकच्या तळाशी फरशीवर बसून नुसती श्वास घेत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. फरशीवर कोणाचीतरी केसांची क्लिप पडली होती. तीसुद्धा मला फार सुंदर दिसली.

ताईलाही तो पहिला श्वास जमला. अडलं ते मास्कपाशी. पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, परत लावायचा, आणि नाकाने जोरात हवा सोडून आतलं पाणी बाहेर ढकलायचं, हे प्रत्येकाला यावंच लागतं, कारण खाली कोणाच्या तरी पायाचा धक्का लागून मास्क निघू शकतो. करायला सोपं आहे. फक्त नाक उघडं असेपर्यंत त्याने आत काही ओढायचं नाही. ताईने मास्क काढला, डोळे मिटले, शांत झाली, लक्ष नाकपुड्यांच्या टोकाशी नेलं, आणि सवयीने एक दीर्घ श्वास नाकाने आत घेतला.

वर आल्यावर ती बराच वेळ खोकत होती. ज्येष्ठ नागरिकांची चर्चा थांबली होती.

"मॅम, नोजने इनहेल नाही करायचं," शिक्षिका म्हणाली. "नाकाने फक्त बाहेर."

"कळलं."

कळलं होतंच. पण कळणं आणि नाक हे दोन वेगळे विभाग असावेत. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं, तिसऱ्यालाही. जितकी ती शांत होई तितकं ते नाक शिस्तीने आपलं काम करी. घाबरली असती तर कदाचित जमलं असतं. मी गडबडीत, अर्धवट घाबरत मास्क काढला आणि पहिल्याच खेपेला सुटले. आयुष्यात एकाग्रता नसल्याचा मला झालेला हा एकमेव फायदा.

घरी येऊन ताईने बाथरूममध्ये बादली भरून ठेवली. मी जिन्यातून जाताना आतून बुडबुड्यांचे आवाज यायचे, मग खोकला, मग शांतता.

"अगं, राहू दे ना आज," मी दारातून म्हणाले.

"तू जा. मला शाल दिलीय त्यांनी."

वारज्याच्या शेवटच्या दिवशी तिला एकदा जमलं, म्हणजे मास्क निम्मा पाण्याने भरलेला होता आणि डोळे मिटलेले होते, पण खोकली नाही. शिक्षिकेने तिला काठावर बसवलं. "मॅम, समुद्रात हे परत करायला लागेल. तिथे नीट नाही झालं तर मी तुम्हाला रीफवर नाही नेऊ शकत. सेफ्टी आहे. मग बोटीत बसायला लागेल."

बोटीत बसायला लागेल. ताईने हयातभर मुलांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "मला नाही जमलं, तर तू जा."

"जाईनच," मी म्हणाले. आम्ही दोघी रिक्षाच्या दोन बाजूंनी बाहेर बघू लागलो. जाणार होतेच मी, पण त्या जाण्यात काही मजा राहणार नव्हती.

अंदमानात शिक्षिका आमच्याबरोबरच आली होती. सकाळचं पाणी मी बोटीवरून पाहिलं. खालची वाळू वरून दिसत होती, आणि वाळूच्या पलीकडे प्रवाळांच्या गडद रांगा. त्यांच्यावरून काहीतरी निळं सर्रकन गेलं. मी ताईचा दंड इतका घट्ट धरला की ती ओरडली.

"मॅम, एक ट्रिक सांगू?" शिक्षिका म्हणाली. "मास्क काढला की हम करा. कोणतंही गाणं. हम करताना नाकाने आत घेताच येत नाही."

"मी गुणगुणत नाही."

"शाळेत कधीतरी?"

"शाळेत जी मुलं गुणगुणायची, त्यांना मी समज द्यायचे."

आम्ही उतरलो. दोरी धरून, नाक चिमटून कान मोकळे करत हळूहळू खाली गेलो. तळाशी प्रवाळांपासून थोडं दूर, मोकळ्या वाळूत, तिघी गुडघे टेकून बसलो. शिक्षिकेने ताईकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या मास्ककडे. आता.

ताईने मास्क काढला. तिचा उघडा चेहरा खाऱ्या पाण्यात मला विचित्र लहान दिसला, शाळेत निघालेल्या मुलीसारखा. डोळे मिटलेले. मी माझा श्वास रोखून धरला, जे डायव्हिंगमध्ये कधीच करायचं नसतं. आणि मला एक आवाज ऐकू आला. पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, सगळीकडूनच येतो. खालच्या पट्टीतला, सावकाश, घोगरा. चाल ओळखीची होती. ताई तोंडातली नळी दातांत धरून त्रिशरण, 'बुद्धं सरणं गच्छामि', गुणगुणत होती.

नाकातून बुडबुड्यांची माळ सुटली होती. तिने मास्क लावला, पट्टा मागे ओढला, मान वर केली, आणि त्याच सुरात आतलं पाणी खालच्या कडेने बाहेर जाऊ लागलं. अर्धं. पाव. गेलं! काच स्वच्छ. मी मुठी हवेत, म्हणजे पाण्यात, उडवल्या. शिक्षिकेने टाळी वाजवायचा प्रयत्न केला. पाण्यात तिचा आवाज होत नाही.

ताई थांबली नाही.

शिक्षिका थोडा वेळ वाट पाहत राहिली. मग तिने ताईच्या खांद्यावर टिचकी मारली. ताईने डोळे न उघडता तळहात पुढे केला: थांब. शिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं. काय झालंय, ठीक आहे ना, असं तिचे हात विचारत होते. मला सगळं माहीत होतं, पण सांगायची सोय नव्हती. त्रिशरण तीनदा म्हणतात. ताईचं पहिलं आवर्तन नुकतंच संपलं होतं. पहिल्यावर थांबण्याची पद्धत नाही आणि ताईने आयुष्यात कुठलीही गोष्ट पद्धत सोडून केलेली नाही. मी शिक्षिकेला दोन बोटं दाखवली, अजून दोन आवर्तनं. तिला वाटलं, मला दुसरीकडे जायचंय.

तेवढ्या वेळात एक पिवळा मासा येऊन ताईच्या समोर तरंगत राहिला. तो शेवटपर्यंत होता.

तिसरं आवर्तन संपल्यावर ताईने डोळे उघडले, कपडे झटकल्यासारखी मांडीवरची वाळू झटकली, आणि शिक्षिकेला 'ठीक'ची खूण केली. जणू उशीर दुसऱ्याच कोणामुळे झाला होता.

मग आम्ही प्रवाळांवर गेलो. हरणाच्या शिंगांची झाडं असावीत तशी प्रवाळं, त्यांच्या फांद्यांतून निळ्या माशांचा अख्खा थवा बाहेर यायचा आणि आम्ही हललो की एकदम आत. एक हिरवा-गुलाबी पोपटमासा दगडासारखं प्रवाळ चावत होता आणि शेजारी कोणी चकली खावी तसा त्याचा कुरकुर आवाज ऐकू येत होता. एका खडकापाशी मोठा मासा आ वासून स्थिर उभा होता आणि दोन चिमुकले त्याच्या जबड्यात शिरून दात साफ करत होते. मागे दुसरा नंबर लावून होता. बोटाएवढा नारिंगी मासा आपल्या घरातून बाहेर आला आणि ताईच्या थेट काचेवर धावून गेला, सोसायटीचा सेक्रेटरी 'इथे गाडी लावायची नाही' म्हणत येतो तसा. ताई मागे सरली. नळीतून तिची किंकाळी ऐकू आली, आणि ती किंकाळी नव्हती, ती हसत होती. तिने माझं मनगट पकडलं आणि मला ओढत नेलं. हे बघ! ते बघ! तिचं बोट एका जागी राहत नव्हतं. निळ्या ओठांचा मोठा शिंपला, आमची सावली पडताच मिटला. तिने मागे वळून मला तो पुन्हा पाहायला लावला. लहानपणी जत्रेत ती मला अशी ओढायची, त्यानंतर कधी नाही.

ताईची हवा आधी संपत आली. पाण्यात दोघींची जोडी असते; एकीला वर यायचं की दुसरीनेही. मी नळी सोडून भांडू शकत नव्हते.

परतल्यानंतरच्या शनिवारी विहार भरला होता, लग्नसराई असूनसुद्धा. ताई समोर बसली. नेहमीसारखं सुरू केलं आणि मग म्हणाली, "पाण्याखाली नाक बंद असतं. तरी श्वास चालतो, आणि फार छान चालतो. तेव्हा ज्यांना सर्दी आहे त्यांनी तोंडाने घेतला तरी हरकत नाही." तिला ओळखणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. बराच वेळ कोणी हललं नाही. मलाही खळखळ ऐकू आल्यासारखी वाटली.

डोळे उघडल्यावर तिने विचारलं, कोणाला काही प्रश्न आहे का. अध्यक्षांनी हात वर केला आणि विमानात खिडकीची जागा मिळाली होती का, असं विचारलं.

मिळाली नव्हती. मधली होती.